यूएसएस सॅम्युअल बी. रॉबर्ट्स: एक नाव, तीन जहाजं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या नावाबद्दल वाचायला घेतलं की १९४४ ची फिलिपिन्सजवळची लढाई, १९८८ चा इराणच्या आखातातला पाणसुरुंग आणि २०२२ मध्ये समुद्रतळाशी सापडलेला सांगाडा हे सगळं एकाच जहाजाच्या खात्यावर मांडलेलं दिसतं. बुडालेलं जहाज ४४ वर्षांनी सुरुंगावर कसं आदळलं, असा प्रश्न मग कुणालाही पडेल. जहाजं तीन होती, तिन्ही अमेरिकन नौदलाची. वाचक पुन्हापुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सॅम्युअल बी. रॉबर्ट्स हा कोण? मोठा अधिकारी होता का?

मुळीच नाही. सॅम्युअल बुकर रॉबर्ट्स हा कॉक्सवेन होता, म्हणजे छोट्या बोटीचं सुकाणू धरणारा आणि त्या बोटीपुरता प्रमुख असलेला खलाशी. जन्म १९२१ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९३९ मध्ये तो अमेरिकन नौदलाच्या राखीव दलात भरती झाला. १९४२ मध्ये तो ‘बेलाट्रिक्स’ या मालवाहू जहाजावर होता आणि त्या वर्षी पॅसिफिकमधली सगळ्यात चिवट लढाई ग्वाडलकनाल बेटावर चालू होती.

२७ सप्टेंबर १९४२ रोजी मरीन सैनिकांच्या काही तुकड्या मातानिकाऊ नदीच्या पलीकडे किनाऱ्यावर उतरल्या आणि जपानी वेढ्यात सापडल्या. रेडिओ नव्हता. सैनिकांनी अंगातले पांढरे गंजीफ्रॉक काढून टेकडीवर ‘मदत’ अशी अक्षरं मांडली आणि ती वरून जाणाऱ्या वैमानिकाने वाचली. त्यांना परत आणायला छोट्या लाकडी हिगिन्स बोटी निघाल्या. रॉबर्ट्स त्यात स्वतःहून गेला. किनाऱ्यावरून गोळीबार सुरू झाल्यावर त्याने आपली बोट मुद्दाम शत्रूच्या नजरेसमोर आणली, म्हणजे नेम त्याच्यावर राहील आणि बाकीच्या बोटी सैनिक भरून निसटतील. बेत साधला. तो स्वतः माघारी वळणार तेवढ्यात त्याच्या बोटीला मारा लागला. दुसऱ्या दिवशी, विमानाने हॉस्पिटलकडे नेत असताना तो गेला. वय २१. त्याला मरणोत्तर ‘नेव्ही क्रॉस’ हे शौर्यपदक मिळालं.

त्याच कामगिरीत तटरक्षक दलाचा डग्लस मनरो मारला गेला. ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेला तटरक्षक दलाचा तो आजवरचा एकमेव माणूस. त्याच्या नावानेही पुढे जहाजं निघाली. एका दुपारच्या, अर्धवट विसरल्या गेलेल्या माघारीने अशी दोन नावं आरमाराला दिली.

साध्या खलाशाचं नाव युद्धनौकेला द्यायची पद्धत होती का?

होती, आणि आहे. अमेरिकन नौदलात जहाजाच्या जातीप्रमाणे नावांचा संकेत ठरलेला असतो. बॅटलशिपना राज्यांची नावं, क्रूझरना शहरांची, आणि विनाशिकांना नौदल-मरीनमधल्या शूर माणसांची, मग तो ॲडमिरल असो की भटारखान्यातला पोऱ्या. शेवटचा शब्द नौदल सचिवाचा. दुसऱ्या महायुद्धात छोट्या जहाजांची संख्या इतकी वाढली की नावं पुरवायला जुने सेनानी कमी पडले. नुकत्याच मेलेल्या विशी-पंचविशीतल्या पोरांची नावं मोठ्या प्रमाणावर आली ती या काळात. माझ्या मते संकेत कागदावर जुना असला तरी त्याला खरा अर्थ या पोरांमुळे आला.

जलावतरणाला घरच्या बाईला बोलावण्याची रीतही जुनीच. पहिल्या ‘रॉबर्ट्स’चं जलावतरण त्याच्या आईच्या हस्ते झालं.

तीन जहाजं कोणती?

पहिलं डीई-४१३, डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट: एप्रिल १९४४ मध्ये दाखल, ऑक्टोबर १९४४ मध्ये बुडालं. दुसरं डीडी-८२३, गिअरिंग वर्गाची विनाशिका: १९४६ ते १९७०. तिसरं एफएफजी-५८, क्षेपणास्त्रं वाहणारी फ्रिगेट: १९८६ ते २०१५. खलाशी तिन्हींना लाडाने ‘सॅमी बी’ म्हणत, त्यामुळे गोंधळात भरच पडते. कुठलीही गोष्ट वाचताना आधी हा क्रमांक पाहावा.

डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट म्हणजे विनाशिकाच ना?

धाकटी आणि स्वस्तातली. मालवाहू जहाजांच्या काफिल्यांना पाणबुड्यांपासून राखायला शेकड्याने रक्षक नौका हव्या होत्या आणि पूर्ण विनाशिका तेवढ्या वेगाने बांधून होत नव्हत्या. डीई-४१३ चा कणा ह्यूस्टनच्या ब्राउन गोदीत ६ डिसेंबर १९४३ ला घातला, २० जानेवारीला ती पाण्यात उतरली आणि २८ एप्रिल १९४४ ला नौदलात दाखल झाली. पाच महिन्यांचंही काम नाही!

लांबी ९३ मीटर, वजन १,३५० टन, पाच इंची तोफा दोन, टॉर्पेडो तीन, ठरवलेला वेग २४ नॉट (म्हणजे ताशी २४ सागरी मैल). कप्तान रॉबर्ट कोपलँड हा राखीव दलातला, पेशाने वकील. पाणबुड्या शोधायच्या, विमानांवर मारा करायचा, बुडणाऱ्यांना उचलायचं, हे हिचं काम. मोठ्या जहाजांशी तोफांची लढाई तिच्या कामाच्या यादीत कुठेच नव्हती.

‘रॉबर्ट्स’ देवमाशावर आदळलं, हे खरं की खलाशांची थाप?

खरं. जुलै १९४४ मध्ये बोस्टनहून नॉर्फोकला जाताना जहाज देवमाशावर आदळलं आणि उजवा पंखा वाकला. नॉर्फोकला दुरुस्ती करून २२ जुलैला निघालं, पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये गेलं आणि १० ऑगस्टला पर्ल हार्बरला पोचलं. पुढचे दोन महिने सराव आणि काफिल्यांची राखण, बस्स. त्याच्या उण्यापुऱ्या सहा महिन्यांच्या आयुष्यात २५ ऑक्टोबरच्या सकाळपर्यंत सांगण्यासारखी घटना ही एकच.

फिलिपिन्सच्या समर बेटाजवळच्या लढाईत नेमकं काय झालं?

अमेरिकन फौजा फिलिपिन्समधल्या लेटे बेटावर उतरल्या होत्या. त्यांचा मोठा आरमारी ताफा ॲडमिरल हॅल्सीच्या हाताखाली होता. उत्तरेला जपानी विमानवाहू नौका दिसल्या आणि हॅल्सी त्यांच्या मागे लागला. त्या जवळजवळ रिकाम्या होत्या, आमिष म्हणूनच सोडलेल्या. मागे सॅन बर्नार्डिनोची सामुद्रधुनी राखणीविना उघडी राहिली. तिच्यातून रात्री ॲडमिरल कुरिताचा ताफा बाहेर पडला: चार बॅटलशिप, सहा जड क्रूझर, दोन हलके क्रूझर आणि अकरा विनाशिका. त्यात ‘यामातो’ होती, तोपर्यंत जगात बांधल्या गेलेल्यांपैकी सगळ्यात मोठी बॅटलशिप. तिच्या तीन नळ्यांच्या एका तोफ-बुरुजाचं वजन २,५०० टनांच्या घरात, म्हणजे अख्ख्या डीई-४१३ पेक्षा जास्त.

२५ ऑक्टोबरला सकाळी सातच्या सुमारास या ताफ्यापुढे आला ‘टॅफी ३’ नावाचा गट: सहा छोट्या, सावकाश चालणाऱ्या विमानवाहू नौका, तीन विनाशिका आणि ‘रॉबर्ट्स’सकट चार डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट. गटप्रमुख क्लिफ्टन स्प्रेग यांनी विमानवाहू नौकांना पळायला आणि बाकीच्यांना धुराचा पडदा उभारायला सांगितलं. मग छोट्या जहाजांना टॉर्पेडो हल्ल्याचा हुकूम आला.

कोपलँडने ध्वनिक्षेपकावरून खलाशांना जे खरं होतं तेच सांगितलं: समोरचं बळ फार मोठं आहे, यातून वाचण्याची आशा धरता येत नाही, करता येईल तेवढं नुकसान करू. तळाच्या इंजिनखोलीत बॉयलरचा दाब ४४० पौंडांवरून ६६० वर चढवला गेला. चोवीस नॉटचं जहाज जवळपास २९ ने धावू लागलं. बॉयलर फुटला असता तर जपान्यांना गोळा खर्चावाच लागला नसता. धुराच्या आडून ते एका जड क्रूझरपासून चार हजार यार्डांच्या आत गेलं आणि तिन्ही टॉर्पेडो सोडले. त्यानंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ दोन पाच इंची तोफा ‘चिकुमा’ या क्रूझरशी झुंजत राहिल्या. अंतर इतकं कमी की क्रूझरच्या तोफांना नळ्या पुरेशा खाली करता येईनात, असं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. चिलखतभेदी गोळे संपले तेव्हा विमानविरोधी गोळे डागले, ते संपत आले तेव्हा रात्री उजेड पाडायचे गोळेसुद्धा. सुमारे ६५० पैकी ६०८ गोळे खर्च झाले.

पावणेनऊनंतर नशीब फिरलं. एकामागून एक मारे लागले आणि अखेर ‘कोंगो’ या बॅटलशिपच्या १४ इंची गोळ्यांनी डाव्या अंगाला दहा मीटरच्या आसपास रुंद भगदाड पाडलं. ९:३५ ला जहाज सोडण्याचा हुकूम झाला, १०:०५ ला ते बुडालं. कुरिता त्याच सुमारास मागे वळला. समोर मोठा ताफा आहे अशी त्याची समजूत झाली होती, वरून विमानांचा मारा थांबत नव्हता आणि त्याचे जड क्रूझर एकेक करून निकामी होत होते.

लेटेचा किनारा ‘रॉबर्ट्स’ने एकट्याने वाचवला, असं काही ठिकाणी लिहिलेलं असतं. ते ‘जॉन्स्टन’ आणि ‘होएल’ या बुडालेल्या विनाशिकांवर अन्याय करणारं आहे. शेकडो वैमानिकांवर तर आणखीच, कारण त्यातले कित्येक बॉम्ब संपल्यावरही जपानी जहाजांवर खोट्या झेपा घेत राहिले. पण शत्रूचा नेम आपल्यावर ओढून घ्यायचा आणि दुसऱ्यांना निसटू द्यायचं, हे रॉबर्ट्सने बोटीतून केलेलं काम त्याच्या नावाच्या जहाजाने पुन्हा केलं. हा योगायोगच, तरी इतका चपखल योगायोग मला आरमाराच्या इतिहासात दुसरा दिसलेला नाही.

टॉर्पेडो लागला होता का?

अमेरिकन अहवालात एक लागल्याची नोंद आहे. खलाशांनी क्रूझरच्या मागच्या भागात ज्वाळा आणि पाण्याचा खांब पाहिला. पण धूर, पावसाच्या सरी आणि चहूबाजूंचे स्फोट यांत कोणाचा मारा कोणाला लागला, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. ‘चोकाय’ क्रूझरचं उदाहरण बोलकं आहे. एका छोट्या तोफेच्या गोळ्याने तिच्याच टॉर्पेडोंचा स्फोट झाला, असं अनेक वर्षं छापलं जात होतं. २०१९ मध्ये सांगाडा सापडला तर टॉर्पेडो जागच्या जागी. म्हणून ‘रॉबर्ट्सने क्रूझर बुडवला’ असं छातीठोक वाक्य कुठे दिसलं तर सोडून द्यावं.

पॉल कार कोण?

मागच्या पाच इंची तोफेचा प्रमुख, ओक्लाहोमाचा पोरगा. त्याच्या तोफेने कोठारातल्या ३२५ गोळ्यांपैकी ३२४ डागले.

हे कसलं काम होतं, ते थोडं समजून घेतलं पाहिजे. प्रत्येक बारानंतर नळीत जळता वायू आणि धुमसणारे कण उरतात. ते दाबाखालच्या हवेने फुंकून काढायचे असतात, नाहीतर पुढची दारूची पेटी आत ढकलताच भडका उडतो. जहाजाची वीज गेली तशी ही हवाही बंद पडली. कारच्या माणसांनी तरी हातांनी गोळे भरणं चालू ठेवलं. काही बार नीट निघाले, मग एक पेटी नळीचं तोंड बंद होण्याआधीच पेटली आणि तोफघराच्या चिंध्या झाल्या. मदतीला आत शिरलेल्या खलाशाला कार दिसला: पोट फाटलेलं, आणि हातांत सुमारे २५ किलोचा शेवटचा गोळा. तो नळीत भरायला मदत कर, एवढंच तो मागत होता. गोळा काढून घेतला तर त्याने पुन्हा उचलायचा प्रयत्न केला. काही मिनिटांतच तो गेला.

त्याला मरणोत्तर ‘सिल्व्हर स्टार’ मिळाला आणि १९८५ मध्ये ‘यूएसएस कार’ ही फ्रिगेट दाखल झाली. एका शहीद खलाशाच्या नावाच्या जहाजावर शहीद झालेल्या खलाशाच्या नावाचं जहाज! ही साखळी फारशी कुणाला माहीत नसते.

वाचलेल्यांना उचलायला इतका उशीर का झाला?

विमानाने कळवलेलं ठिकाण चुकीचं होतं, शोध भलत्याच पाण्यात झाला. तीन तराफे, त्यांना धरून लटकलेली माणसं, अंगभर तेल, जखमा आणि शार्क, असे सुमारे ५० तास गेले. जहाजावर २२४ जण होते, त्यातले सुमारे ९० गेले. काही जण लढाईत वाचून पाण्यात मेले. लढाई जिंकल्यावर आपलीच माणसं दोन दिवस पाण्यात राहावीत, ही त्या विजयाची सगळ्यात लाजिरवाणी बाजू. पदकांच्या यादीत ती दिसत नाही, इतकंच.

दुसऱ्या जहाजाबद्दल कोणी का लिहीत नाही?

कारण ते बुडालं नाही आणि त्याला सुरुंगही लागला नाही. डीडी-८२३ टेक्सासमध्ये बांधली गेली, २२ डिसेंबर १९४६ ला दाखल झाली आणि चोवीस वर्षं शीतयुद्धाची पाळी भरत राहिली, बहुतांश अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात. १९७० मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी सरावात लक्ष्य म्हणून बुडवली गेली.

१९८८ मध्ये सुरुंगावर कोणतं जहाज आदळलं?

तिसरं, एफएफजी-५८. इराण-इराक युद्धाचे ते शेवटचे महिने होते. कुवेतच्या तेलवाहू जहाजांवर अमेरिकन झेंडा लावून अमेरिकन युद्धनौका त्यांची पाठराखण करत होत्या. १४ एप्रिल १९८८ रोजी, असा एक काफिला पोचवून परतताना, पहाऱ्यावरच्या खलाशाला पुढे पाण्यावर काळे गोळे तरंगताना दिसले. कप्तान पॉल रिन यांनी जहाज थांबवलं आणि आल्या वाटेने उलटं सरकवायला सुरुवात केली. न दिसलेला एक सुरुंग मागे होता.

त्याची रचना १९०८ सालच्या रशियन सुरुंगाची, आत सुमारे ११५ किलो स्फोटक. क्षेपणास्त्रांच्या काळातल्या फ्रिगेटला ऐंशी वर्षांपूर्वीच्या अकलेने गाठलं. कणा मोडला, तळाला भलंमोठं भगदाड पडलं, इंजिनखोली पाण्याने भरली, गॅस टर्बाइनं बैठकीवरून उखडली आणि आगीचा लोळ धुराड्यातून वर आला.

यापुढची लढाई पाण्याशी आणि आगीशी. यात एक चमत्कारिक पेच असतो: आग विझवायला ओतलेलं पाणीही जहाजाच्या पोटातच साठतं आणि त्याला खाली खेचतं. शेजारच्या खोलीची भिंत तडकत होती. तिला लाकडाचे टेकू दिले, फटींत हाताला लागेल ते कोंबलं. वरचा सांगाडा दुभंगू लागला तेव्हा पोलादी दोर गुंडाळून तो आवळला. जहाजावर पहिल्या ‘रॉबर्ट्स’च्या खलाशांच्या नावांची पाटी होती. धावपळीत तिच्यावरून जाताना पोरं तिला हात लावून पुढे जात, असं नंतर सांगितलं गेलं. पाच तासांनी आग आणि पाणी आटोक्यात आलं. दहा जण जखमी झाले, त्यातले चौघे गंभीर भाजले. मेला एकही नाही.

सुरुंग इराणनेच पेरला होता, हे सिद्ध झालं का?

अमेरिकेच्या मते हो. सप्टेंबर १९८७ मध्ये ‘इरान अज्र’ हे जहाज सुरुंग पेरताना पकडलं होतं. त्याच्यावरच्या सुरुंगांचे अनुक्रमांक आणि १९८८ मध्ये त्या पट्ट्यात सापडलेल्यांचे अनुक्रमांक एकाच मालिकेतले निघाले. १८ एप्रिलला अमेरिकेने ‘ऑपरेशन प्रेइंग मँटिस’ या मोहिमेत इराणचे दोन तेलमंच उद्ध्वस्त केले, ‘सहंद’ आणि ‘जोशन’ ही जहाजं बुडवली, ‘सबलान’ जायबंदी केलं. अमेरिकेचं एक हेलिकॉप्टर दोन मरीन वैमानिकांसह गेलं.

इराण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २००३ च्या निकालाने दोघांनाही पुरतं समाधान दिलं नाही. सुरुंगाचा पुरावा इराणकडे बोट दाखवतो पण निर्णायक नाही, आणि तेलमंचांवरचे हल्ले स्वसंरक्षणात बसत नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. अमेरिका आणि इराण यांच्यातल्या १९५५ च्या करारातल्या व्यापारस्वातंत्र्याचा भंग झाल्याचा इराणचा दावाही फेटाळला, अमेरिकेचा प्रतिदावाही.

मोडलेलं जहाज भंगारात का नाही काढलं?

हिशेब सोपा होता, नवी फ्रिगेट फार महाग. आधी दुबईला ओढून नेलं, मग ‘मायटी सर्व्हंट २’ या जहाजाच्या पाठीवर चढवलं. हे जहाज स्वतः अर्धं पाण्यात बुडतं, ओझं वर तरंगत येतं, मग पुन्हा वर उठतं. असं ‘रॉबर्ट्स’ जुलै १९८८ च्या अखेरीस अमेरिकेत पोचलं. मेनमधल्या बाथ गोदीने, म्हणजे जिथे ते जन्मलं तिथेच, ३१५ टनांची नवी इंजिनखोली वेगळी बांधली, खराब भाग कापून काढला आणि ती तिथे बसवली. खर्च सुमारे ९ कोटी डॉलर. पुढच्या वर्षी जहाज कामावर परतलं आणि २२ मे २०१५ ला निवृत्त होईपर्यंत आणखी पाव शतक चाललं. पैसे वसूल.

२०२२ मध्ये सापडलेला सांगाडा कोणता? तो वर काढणार का?

डीई-४१३. जून २०२२ मध्ये खोल समुद्राचे शोधक व्हिक्टर व्हेस्कोवो यांच्या पथकाने पाणबुडीतून तो शोधला. ओळख पटली तीन नळ्यांच्या टॉर्पेडो-यंत्रामुळे, कारण त्या भागात बुडालेल्यांपैकी तसं यंत्र याच जहाजावर होतं. खोली ६,८९५ मीटर. ‘टायटॅनिक’ साधारण ३,८०० मीटरवर आहे, त्यावरून अंदाज यावा. तोवर सापडलेलं सगळ्यात खोलवरचं जहाज हेच होतं. आधीचा मान त्याच लढाईतल्या ‘जॉन्स्टन’चा. सांगाडा दोन तुकड्यांत आहे, मध्ये फक्त दहाएक मीटर अंतर.

वर काढण्याचा प्रश्नच नाही. अमेरिकन कायद्यानुसार बुडालेली युद्धनौका नौदलाचीच राहते, तिला परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

समरच्या लढाईतल्या आणखी कोणाच्या नावाने जहाजं निघाली?

कोपलँड आणि स्प्रेग दोघांच्याही. दोन्ही फ्रिगेट ‘कार’ आणि तिसऱ्या ‘रॉबर्ट्स’च्याच वर्गातल्या, ऑलिव्हर हॅझर्ड पेरी वर्गाच्या. म्हणजे गटप्रमुख, कप्तान, तोफखान्याचा पोरगा आणि जहाजाला नाव देणारा खलाशी एका रांगेत, एकाच मापाच्या जहाजांवर. ‘कार’ २०१३ मध्ये निवृत्त झाली. ‘कोपलँड’ १९९६ मध्ये इजिप्तकडे गेली, तिथे आधी ‘मुबारक’ आणि सत्ता पालटल्यावर ‘अलेक्झांड्रिया’ झाली. ‘क्लिफ्टन स्प्रेग’ तुर्कस्तानने घेतली आणि तिचं नाव ‘गाझियानतेप’ ठेवलं.